अकरा जणींचं बीपी

१२ मार्च

ताई,

दोन वर्षं पत्र लिहिलं नाही, माफ कर. हे बहुधा पाठवणार नाही.

हॉस्पिटलच्या तपासणीसाठी वॉर्डातल्या सिस्टर्सचं बीपी मोजून तक्ता भरायचा होता. मी इन्चार्ज. वेळ नव्हता, म्हणून बसल्या जागी माझ्यासकट अकरा जणींपुढे १२०/८० लिहिलं. माझं १८० होतं, हे ठाऊक असून.

त्यातली एक म्हणाली होती, "मॅडम, डोकं ठणकतंय."

"डोकं असल्याचं लक्षण आहे ते," मी म्हटलं.

आज ती ड्युटीवरच कोसळली. उजवं अंग गेलं. हॉस्पिटलचे मोठे साहेब तक्ता बघून म्हणाले, "बीपी नॉर्मल! वाचवलंत हो आम्हाला."

मी चक्क "थँक्यू, सर" म्हटलं. त्या तोंडाने जेवायचीही किळस येते.

तुझी धाकटी

उद्या: आकडे खोटे असल्याचं साहेबांना लेखी देणे.