गाढवाची सही

मंगळवार, ९ जानेवारी

प्रिय दादा,

नमस्कार. मी बरी आहे, खोकला एकदाचा गेला. वहिनीने पाठवलेला लाल मफलर रोज घालते. प्रयोगशाळेत सगळे मला सिग्नल म्हणायला लागलेत. चिमणीचा दात पडला का? जपून ठेवायला सांग, आत्याला बघायचाय.

तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. वहिनी सांगत होती, कोंबड्यांची शेड रिकामी झाल्यापासून तू धड जेवत नाहीस. भेटेल त्याला म्हणतोस, रिपोर्ट खोटा आहे, सही करणाऱ्या त्या गाढवाला एकदा माझ्यासमोर आणा. आणि माझ्यावरचा राग वेगळाच: बहीण प्रयोगशाळेत असून उपयोग काय, आधी कानावर घालता आलं नाही?

अरे, आमच्याकडे नमुने येतात ते नुसत्या नंबरावर. कोणाच्या कोंबड्या, कुठल्या, काही कळत नाही, आणि तेच बरं असतं. पण त्या सोमवारी बर्फाचा डबा उघडायला घेतला तर चिकटपट्टीचं टोक दुमडलेलं. चांगला चौकोनी कान. आईने आपल्याला शिकवला होता तसा, पुढच्याला नखाने उकरत बसायला लागू नये म्हणून. नमुने डॉक्टरांनी घेतले असतील, पण डबा तूच बांधलास. इतक्या वर्षांत असा कान करणारा दुसरा कोणी मला भेटलेला नाही.

अशा वेळी 'हे माझ्या घरचं आहे' म्हणून बाजूला व्हायचं असतं. मी नाही झाले. दुसऱ्या कोणी निकाल सांगितला असता तर माझा विश्वासच बसला नसता. मशीनवर रेघ वर चढली. पुन्हा लावलं. मेली पुन्हा चढली. बर्ड फ्लू.

तेवढ्यात तुझा फोन. 'काही कळलं का गं? व्यापाऱ्याची गाडी दारात उभी आहे, सगळ्या नेतो म्हणतोय.' मी काय म्हणाले आठवतं? 'जेवलास का?' आणि म्हणाले, चिमणीला शेडमध्ये सोडू नकोस, सर्दीची साथ आहे. खोटं बोलले रे दादा. एक शब्द बोलले असते तर तू गाडी भरली असतीस; मी काय तुला आज ओळखते? आणि त्या कोंबड्या चार बाजारांत गेल्या असत्या. फोन ठेवला, सही केली आणि बाथरूममध्ये नळ सोडून रडले. तासाभरात सरकारी माणसं तुझ्या फाटकावर होती.

नंतर आमच्या प्रमुख मॅडमना सगळं सांगितलं. भरपूर ओरडल्या, आणि बरोबरच होतं त्यांचं. उरलेला नमुना दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवला. तिथूनही तोच निकाल आलाय.

चिमणीची लंगडी कोंबडीही त्या मारलेल्यांत गेली, मला माहीत आहे. तिला काय सांगायचं ते मला अजून सुचत नाही. आत्यामुळे गेली म्हणालास तरी चालेल.

रविवारी येतेय. दार उघडावंसं वाटलं नाही तर नको उघडूस, मी पायरीवर बसेन. हवं तेवढं भांड, पण त्याआधी दोन घास खा.

आणि तो रिपोर्ट काढून खालची सही बघ. लहानपणी माझी वही उघडून खो खो हसायचास, 'हे कोंबडीने उकरलंय की काय!' एवढी ओळखीची सही, आणि तुला कळली नाही?

समोर यायला तयार असलेलं,
तुझं गाढव