बारा बाटल्या आणि कुनिगुंडाबाईंचा अंगठा

ओबर्नलिंडाख,
संत मायकेलच्या सणाआधीचा मंगळवार

ज्या प्रभूने काना गावच्या लग्नात सहा रांजण द्राक्षारसाने भरले आणि त्यांतला एकही फुटू दिला नाही, त्याच्या कृपेचे स्मरण करून, धाकटा भाऊ चिरंजीव लिओनहार्ड यास थोरल्या किलियानचे अनेक आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? माझी प्रकृती उत्तम. कानांत तेवढी अजून फुसफुस चालू आहे, तिची हकीकत पुढे येईलच.

गावच्या सामाईक भट्टीतून यंदा मीही कोवळी, म्हणजे अजून आंबत असलेली, बिअर आणली. चर्चच्या जत्रेत निवृत्त धर्मगुरूच्या घरची बिअर वाढली जावी, ही माझी (कबूल करतो, फारशी विनम्र नसलेली) इच्छा. आजोबांच्या दोन-दोन लिटरच्या बारा काचेच्या बाटल्या, तारेच्या कडीने घट्ट बसणाऱ्या चिनीमातीच्या बुचांच्या, मी स्वहस्ते भरल्या. कोवळ्या बिअरमध्ये तिची स्वतःची साखर शिल्लक असते आणि फेसाला तेवढी पुरते, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मला मात्र ग्रंथ वाचण्याची खोड. ग्रंथात (तो पूर्ण आंबलेल्या बिअरविषयी होता, हे मागाहून कळले) साखर घालावी असे लिहिले होते. मी ती उदार हस्ते घातली, बाटल्या पार गळ्यापर्यंत भरल्या, बुचे लावली आणि निश्चिंत झालो. नव्या द्राक्षारसाने जुने बुधले फुटतात, यावर मी चाळीस वर्षे प्रवचने दिली आहेत, याची आठवण तू करून देऊ नयेस.

शनिवारी शेजारच्या कुनिगुंडाबाई तळघरात डोकावल्या आणि त्यांनी मला अक्षरशः ढकलत जिना चढवला. "फादर, हे बॉम्ब कुणासाठी भरलेत? बिशपसाहेबांसाठी?"

दिवसभर खिडक्या उघड्या ठेवून त्यांनी बाटल्या गार होऊ दिल्या. मग दिवंगत पतीचा वेल्डिंगचा मुखवटा, चामड्याचे हातमोजे, प्रत्येक बाटलीवर ओले पोते, आणि पोत्याखाली कडीवर त्यांचा अंगठा. कडी केसभर सैल, फुस्स, पुन्हा घट्ट. किती वेळ सैल ठेवायची, याचे इथले माप म्हणजे 'नमो मरिया' ही एक छोटी प्रार्थना. ती दाराआडून म्हणण्याचे काम माझे. पहिल्या बाटलीला मी ती लॅटिनमध्ये म्हटली, सर्व विरामांसह.

"अहो फादर, मिस्सा नाही चाललीय! गेला ना सगळा फेस. ओता आता पावाच्या पिठात. गाय सुटल्यासारखं म्हणा, भरभर!"

तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ, असा विधी चालला. लिओनहार्ड, मी वेदीवर कार्डिनलांचे हात पाहिले आहेत. पण इतका सावध, इतका निर्भय हात पाहिला नाही. आज त्यांनी एका बाटलीच्या तोंडावर बसवलेल्या दाबमापकाचा काटा जागेवर आला. दहा बाटल्या जत्रेसाठी वाचल्या, एक पिठात गेली.

तुझा,
किलियान

ता. क. बारावी म्हणजे गेल्या शुक्रवारी दूधगाडीतून तुझ्या वाढदिवसासाठी पाठवलेली. ती तू शेगडीपाशी ठेवली आहेस, असे तुझे आभाराचे पत्र आताच वाचले. (फोन तू उचलत नाहीस.) तिला हात लावू नकोस. खोलीबाहेर पड, दार ओढून घे. हे पत्र देणाऱ्या मुखवट्यातल्या बाई त्याच. त्यांना आत जाऊ दे, आणि तू बाहेर उभा राहून नमो मरिया म्हण. लॅटिनमध्ये नको.

ता. क. दुसरा. फाटकापाशी मोटारसायकल चालू ठेवून कुनिगुंडाबाई ओरडत आहेत, "फादर, पत्र आहे की पोथी? तिकडे तो माणूस उडायचा!" म्हणून आवरतो. हे वाचणाऱ्या सर्वांवर, आणि वेळेत वाचणाऱ्या लिओनहार्डवर विशेष, प्रभूची कृपा असो. आमेन.