बुरुलच्या गाडीतला गारवा

६ जून
बुरुल पुन्हा आली! या महिन्यात तिसऱ्यांदा — आणि महिना आज सहा दिवसांचा. गाडीचा एसी म्हणे गरम हवा फेकतो. हिवाळ्यात हीटर गार फेकत होता. तीस वर्षांची जपानी गाडी, तिला ऋतू उलटे कळतात. बाईला मात्र माझ्या मेकॅनिक नवऱ्याच्या चहाची वेळ बरोब्बर कळते.

"कुबात बाइके, तुमच्याशिवाय मला आहे कोण?"

बाइके! मोठा भाऊ म्हणायचं आणि डोळे असे फिरवायचे. हिचा नवरा रशियात कामाला गेला तो तिकडचाच झाला. वाईट झालं. पण म्हणून माझा काय वाटेवर पडलाय?

९ जून
कुबातनं एसीत गॅस भरून दिला. गाडी बाजारापर्यंत गार, पुढे भट्टी.

१३ जून
परवा आतली झडप बिघडली होती. आज कॉम्प्रेसर. आमच्या टोकमोक गावातल्या टॅक्सीवाल्यांच्या गाड्यांचं दुखणं हा माणूस नुसत्या आवाजावरून सांगतो, आणि हिच्या गाडीची नाडी आठवडाभर सापडत नाही!

"जुनी गाडी आहे ग. वेळ द्यावा लागतो."

मीही जुनीच आहे. मला नाही कधी दिला.

बुरुल तेवढ्यात मी तळलेले कणकेचे बोरसोक खात बसलेली. "जेंगे, किती हलके तळता हो!" चौदा खाल्ले. जेंगे म्हणजे वहिनी — एवढं नातं तरी तिला आठवतंय!

१४ जून
ठरलं. दुखणं मीच शोधणार. गाडी बरी झाली की यायला निमित्त उरणार नाही. माझे वडील घाटात ट्रक चालवायचे. बॉनेटखाली काय असतं ते मला नवऱ्याच्या आधीपासून ठाऊक आहे.

१६ जून
कुबात सुटे भाग आणायला बिश्केकला. बुरुलची गाडी अंगणात. चालू केली. एसीचा पाइप आधी गार, पाच मिनिटांत कॉम्प्रेसर टक् — बंद. जरा वेळानं चालू, पुन्हा टक्. म्हणजे गॅस आहे, कॉम्प्रेसरही धडधाकट. पुढच्या जाळीला वारा मिळत नाहीय! पॉप्लरचा कापूस अडकला असेल म्हणून नळीनं पाणी मारलं. पाणी उलटं माझ्याच तोंडावर. हात घालून ओढलं — लोकरीच्या नमद्याचा, म्हणजे जाड गालिच्याचा तुकडा. थंडीत इंजिनानं ऊब धरावी म्हणून सगळेच रेडिएटरपुढे काहीतरी लावतात. वसंतात काढायचं, ते राहिलं.

एवढंच असतं तर पोट धरून हसले असते. पण तुकड्यावर लाल शिंगांची नक्षी! आईनं माझ्या लग्नात दिलेला नमदा.

लोक पुठ्ठा लावतात. आमच्या गाडीला पुठ्ठाच आहे.

१७ जून
"अग, तो कोपरा उंदरांनी खाल्लेला होता," म्हणतो कुबात.

"उंदीर हल्ली कात्रीनं खातात?"

त्याला एकदम कुठल्याशा पान्याची आठवण झाली, तो शोधायला गेला.

बुरुल गाडी घेऊन गेली. आत बर्फासारखी हवा. "जेंगे, तुमच्या हातात जादू आहे!" म्हणाली खरी, पण बघत त्याच्याकडे होती. बघू दे. शेवटचं.

२४ जून
आठ दिवस बुरुल नाही! झोप छान. भूक छान. तुकडा नमद्याला परत शिवला. नवऱ्यालाही तसंच शिवून टाकता आलं असतं तर — असो. जिंकले!

२७ जून
"बुरुलचा एसी नीट चालतो का, जरा बघून येतो," म्हणून कुबात सकाळीच गेला.

हत्यारांची पेटी इथंच आहे.