आईकडून न आलेल्या जनुकाबाबत

प्रति,
मा. संचालक,
वैनगंगा यकृत संशोधन केंद्र,
नागपूर.

विषय : अर्जदाराच्या यकृतातील गाठीचा नमुना नष्ट न करता संशोधनासाठी राखून ठेवण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे संमतिपत्र, दि. ११ जून २०२४.
२) अर्जदाराचा रागाच्या भरातील अर्ज, दि. २० जानेवारी २०२५.
३) नमुना १७ मार्च रोजी नष्ट होईल असे कळविणारे आपले पत्र.

महोदय,

१. अर्जदार धम्मानंद लहानू गजघाटे, वय ५९, हा हिंगण्याच्या एका कारखान्यात सव्वीस वर्षे माल तपासनीस होता. दुसऱ्याच्या मालातली खोट त्याला लांबून दिसे. स्वतःच्या यकृतावर चरबी साठल्याचा अहवाल मात्र त्याने नऊ वर्षे उघडून पाहिला नाही. गेल्या जूनमध्ये धंतोलीतील रुग्णालयात त्याच्या यकृतातील कर्करोगाची गाठ काढण्यात आली. गाठीचा तुकडा व शेजारच्या निरोगी यकृताचा तुकडा त्याने आपल्या केंद्रास राजीखुशीने दिला.

२. जानेवारीत अर्जदाराने आपल्या केंद्रातील डॉ. प्रीती मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "काका, तुमच्या गाठीत एक जनुक गरजेपेक्षा जास्त काम करून राहिलं." यापुढचे वाक्य ऐकण्याची गरज अर्जदारास वाटली नाही, कारण तो बारावी सायन्स आहे (दुसऱ्या प्रयत्नात). जनुक म्हणजे वंशाचे, आणि मामा तर काविळीने गेलेले, असा हिशेब जुळवून तो तडक मोटारसायकलने खाप्याला गेला आणि आई पार्वतीबाई, वय ८०, यांना शेजाऱ्यांदेखत म्हणाला, "माय, हे दुखणं तुह्या माहेरचं हाये!"

आई तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "मंग काय करू म्या आता? पोटात वापस घेऊ काय तुले?"

अर्जदार मोटारसायकल वळवून नागपूरला परतला.

३. घराण्याची बदनामी नको म्हणून नमुना नष्ट करावा, असा संदर्भ २ चा अर्ज अर्जदाराने दिला. त्यात 'वंशपरंपरागत अब्रू' असा शब्दप्रयोग आहे. तो कृपया कोणास वाचून दाखवू नये.

४. इकडे आईने अर्जदाराची मुलगी मेघा हिच्या पाच महिन्यांच्या बाळाला मांडीवर घेणे बंद केले. "माह्या अंगचं तिले लागन," एवढेच ती म्हणे. बाळ तिच्याकडे झेपावले की पदर सावरून आत जाई. मेघाने हे पाहिले आणि अर्जदारास दंडाला धरून आपल्या केंद्रात आणले.

५. डॉ. प्रीती मॅडमनी सूक्ष्मदर्शकाखाली दोन काचा दाखविल्या. त्या म्हणाल्या, "हे जनुक प्रत्येकात असतं, काका. बाळ पोटात असताना त्याचं यकृत वाढवायला ते राबतं, मग गप्प बसतं. तुमच्या गाठीत ते पुन्हा जोरात सुरू झालं. यालाच आम्ही अतिअभिव्यक्ती म्हणतो. शेजारच्या निरोगी तुकड्यात पाहा, ते गप्पच आहे. आईकडून बिघडून आलं असतं, तर दोन्हीकडे बिघाड दिसला असता." कशामुळे सुरू झाले, हे विचारता त्या म्हणाल्या, "ठाम सांगता येत नाही. साखर आणि चरबी, दोन्ही होतीच ना तुम्हाला?" अर्जदार काचेकडेच पाहत राहिला. गाठीची काच तपकिरी होती, निरोगी तुकड्याची फिकट निळी. तपासनीस म्हणून त्याने आयुष्यात इतका स्पष्ट निकाल पाहिला नव्हता.

६. अर्जदार त्याच दिवशी मेघा व बाळासह खाप्याला गेला आणि आईच्या पायाशी बसला. आई म्हणाली, "त्या दिवशीबी तूच सांगत होता. तुह्यावर काहून भरोसा ठेवू?" शेवटी मॅडमना फोन लावून द्यावा लागला. त्यांनी सारे पुन्हा सांगितले. "आन् माह्या भावाचं?" आईने विचारले. मॅडम म्हणाल्या, "आजी, ते मले नाही माहीत. पण तुमच्या लेकाच्या गाठीतलं हे तुमचं देणं नाही." आईने फोन परत दिला. मग म्हणाली, "आण वं मेघा, पोरीले." बाळ मांडीवर येताच तिचे डोळे भरून आले. अर्जदाराकडे तिने पाहिले नाही.

७. गाठ आणि निरोगी यकृत यांच्या अशा जोड्या कमी मिळतात, आणि हे जनुक का जागे होते ते कळल्यास पुढच्या रोग्यांचे निदान लवकर होऊ शकेल, असे समजते. तरी संदर्भ २ चा अर्ज रद्द समजून संमतिपत्र पुन्हा लागू करावे, ही विनंती.

८. अर्जदाराची आई आज सोबत आली असून आपल्या दालनाबाहेरील बाकावर बसली आहे. तुकडे शाबूत आहेत असे कुणीतरी तोंडी सांगितल्याशिवाय ती उठणार नाही. शिपायाने दोनदा विनंती करून पाहिली. तिने त्याला शेजारी बसवून घेतले आहे. अर्जदाराचे ती ऐकत नाही, आणि त्यात तिचे काही चुकते असे अर्जदारास वाटत नाही.

आपला,
घाईने बोललेला व सावकाश पस्तावलेला,

(धम्मानंद लहानू गजघाटे)
नागपूर, दि. १२ मार्च २०२५