कुरईच्या घाटात दमणारी गाडी

प्रिय विभावरी,

तुमची गाडी नीट झाली. आधी हेच लिहितो, नाहीतर बाकीचं लिहिता लिहिता राहून जाईल. तुझे बाबा, भय्यासाहेब, शनिवारी सकाळी ती न्यायला येणार आहेत आणि रविवारी तुम्ही सगळे तिच्यातूनच नागपूरला जाणार, तुझ्या साखरपुड्याला. कुरईचा घाट आता ती न दमता चढेल.

मी आपल्या गोरखपूर मोहल्ल्यातल्या बाजारामागे तुळशीराम उस्तादांच्या गॅरेजात काम करून राहिलो, हे आपले निरोप पोचवणाऱ्या बेबीदीदीनं तुला सांगितलंच असेल. तुझ्या बाबांना माहीत नव्हतं. मंगळवारी ते गाडी घेऊन आले, मला पाहून ओळखलं आणि चावी पुढे करून म्हणाले, "लो भैया, ज़रा देख लो." हिंदीत बोलले, विभा. आपल्या लोकांत परक्याशीच हिंदी बोलतात. मागच्या वर्षी याच माणसानं मला तुमच्या ओसरीत उभं करून स्वच्छ मराठीत विचारलं होतं, कॉलेज अर्ध्यावर टाकणारा संसार तरी पुरता करेल काय? तेव्हा मी जाताना तुमचं फाटक असं आदळलं की कडी निखळून पडली. मंगळवारी नुसतं "जी" म्हटलं आणि चावी घेतली. राग कुठे गेला माझा, मलाच समजून नाही राहिलं.

तक्रार त्यांनी उस्तादांना सांगितली. सपाट रस्त्यावर गाडी ठीक, चढ लागला की मरते. मुलाकडे पहिल्यांदा गेलात तेव्हा कुरईच्या घाटात लादलेले ट्रकसुद्धा हॉर्न देत पुढे गेले म्हणे. "इस बार अटक गई तो वो लोग क्या कहेंगे, नई गाड़ी धक्का मार के लाए?" उस्ताद हसले. मी बॉनेट उघडत होतो. तू मागच्या सीटवर होतीस ना तेव्हा? खिडकीबाहेर पाहत होतीस की समोर? विचारावंसं वाटलं, पण कोणाला विचारू?

शोरूमच्या वर्कशॉपवाल्यांनी आधीच सेन्सर बदलला होता, डिझेलचं फिल्टर, हवेचं फिल्टर, सगळं नवं कोरं. आम्ही स्कॅनर लावला तर बिघाडाचा तोच जुना कोड, इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोचा दाब कमी. टर्बोच्या पाइपांत धूर सोडून पाहिला, गळती नाही. डिझेलचा दाब बरोबर. गॅरेजात उभी असताना रेस द्या, शहाण्या मुलीसारखी गुरगुरते. मग बुधवारी मी ती बरगीच्या चढावर काढली, उस्ताद शेजारी, मांडीवर स्कॅनर. मी पाय खालपर्यंत दाबला आणि इंजिनात जाणाऱ्या हवेचा आकडा वाढायचा सोडून घसरायला लागला. उस्ताद ओरडले, "अबे श्याम, इसका तो किसी ने गला दबा रखा है!"

परत आल्यावर फिल्टरचा डबा उघडला. स्वच्छ. मग त्याच्याही पुढचा, गाडीच्या समोरच्या जाळीमागून हवा ओढणारा काळा पाइप काढला. त्याच्या गळ्यात एक लाल कापड बसलं होतं. गाडी उभी असली की सैल पडायचं, चढावर इंजिननं हवा ओढली की तोंडाशी घट्ट चिकटायचं. एका टोकाला सुटलेली गाठ, दुसऱ्या टोकाला गोट आणि त्यावर हिरव्या दोऱ्याचे वाकडेतिकडे टाके.

ते टाके माझे आहेत. नदीवरच्या ग्वारीघाटाच्या पायऱ्यांवर आपण देवीची चुनरी घेतली, तिचा गोट उसवलेला निघाला आणि तू दुकानदाराशी भांडायला निघालीस. भांडायचं काम माझं, त्या दिवशी मात्र मीच तुला आवरलं. घरी आईच्या डब्यात लाल दोरा मिळाला नाही म्हणून हिरव्यानं शिवलं. दुसऱ्या दिवशी घाटावर तू दातांनी कड धरून तिचे दोन तुकडे केलेस. ज्याचं मन आधी सुटेल त्यानं आपला तुकडा मैयाच्या पाण्यात सोडायचा आणि दुसऱ्याला कळवायचं, असं ठरलं. माझा तुकडा अजून माझ्याकडे आहे.

"क्या निकला?" उस्तादांनी विचारलं. मी म्हटलं, प्लास्टिकची पन्नी. आणि कापड खिशात टाकलं. पूर्वीचा मी असतो तर त्याच पावली तुमच्या दारात येऊन उभा राहिलो असतो. मी पाइप परत बसवला, नट आवळले, हात धुतले. आत काही हाललं नाही. दिवाळीनंतर तू बेबीदीदीकडून निरोप दिलास, विभानं तिचा तुकडा कधीच सोडला, तेव्हापासून माझं हे असंच आहे. आई वाढते, मी खातो. खारट की अळणी, सांगता येत नाही.

पण तो तू सोडला नव्हतास. बॉनेटखाली, जिथे बाबा कधी पाहणार नाहीत, तिथे बांधलास. हवेच्याच पाइपाला काहून बांधलास, वेडे? गाठ सुटली आणि तो आत ओढला गेला. म्हणून हे पत्र. नुसतं गाडीच्या रक्षणासाठी बांधला असशील तर बेबीदीदीकडे तसं सांग. दोन्ही तुकडे मी ग्वारीघाटावर सोडून देईन. पण मन सुटलं नाही म्हणून बांधला असशील, तर शनिवारी बाबांबरोबर तूही ये. त्यांच्यासमोर मला विचार, मराठीत, की गाडीत काय निघालं. मी खरं ते सांगेन. आली नाहीस तरी कामात काही कसर ठेवलेली नाही. आज पुन्हा एकट्यानं बरगीच्या चढावर नेऊन पाहिली. सरळ वर गेली.

अजून तुझाच,
श्यामसुंदर