ती हिरवी साडी आत्याची होती

प्रिय आई,

मागच्या पत्रात मी तुला चुकीचं सांगितलं. तुझ्या जुन्या साड्या फाडून त्यांच्या पट्ट्या मागावर विणल्या, मधोमध तुझी हिरवी साडी आहे, असं लिहिलं होतं. ती हिरवी तुझी नव्हती, आत्याची होती. म्हणून लगेच हे दुसरं पत्र.

शाहूपुरीतल्या प्रदर्शनात आत्या आली. चष्मा सावरत तिनं पाटी वाचली, 'आईच्या साड्या, आईची आठवण', आणि चार माणसांसमोर ओरडली, "अगं, ही माझी साडी हाय की! मी जित्ती असताना मला भिंतीवर टांगलीस व्हय? आता हार तेवढा आण!"

सगळ्यांबरोबर मीही हसले. मग ती पाटी उलटी करून ठेवली.

कारण तुझी एकच तर आठवण आहे माझ्याकडे! शाळेचा पहिला दिवस, मंगळवार पेठेतली आपली गल्ली, माझ्या मुठीत हिरवा पदर. त्या पदराला धरूनच इतकी वर्षं मी 'माझी आई' म्हणत आले.

"म्हणजे शाळेत मला तू नेलंस. मग त्या दिवशी आई कुठं होती?" घरी आल्यावर मी आत्याला विचारलं.

"गॅलरीत. कठडा धरून. उठवत न्हवतं वहिनीला, तरी उठली. तू मागं वळून बघितलंच न्हाईस."

आई, एक हाक मारायची होतीस! की मारलीस, आणि मलाच ऐकू आली नाही? आता ती गल्ली आठवली की पाठीवर नजर जाणवते. वळून बघते तर गॅलरी दिसते, तुझा चेहरा दिसत नाही.

ती साडी तुझ्या ट्रंकेत कशी आली, तेही कळलं. शेवटी शेवटी तुला नवं कापड टोचायचं, म्हणून आत्यानं आपली मऊ झालेली साडी तुला पांघरायला दिली होती.

"ऱ्हाऊ दे गं तशीच. कोण बघतंय?" असं ती म्हणते.

पण रविवारी ते विणकाम पुण्याला प्रदर्शनात जाणार. तिथं ओरडून सांगायला आत्या नसेल.

तुला वचन देते. हिरव्या पट्ट्या एकेक ओढून काढीन आणि आत्याच्या हातात देईन. त्या जागी दुसरं काही भरणार नाही. नुसते उभे धागे राहतील, आरपार दिसणारे. पाटीवर लिहीन, 'इथे आई उभी होती. मी पाहिलं नाही.'

आत्यालाही बोलावलंय. शनिवारी सकाळी बसतोय आम्ही.

तुझी,
मनू