आणीबाणीचा खाडा

३ जुलै
ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र नाही म्हणजे तू ठणठणीत आहेस, असं धरून चालते. इकडे परदेशी बटणांवर साठ टक्के जकात बसली आहे, आणि बटणं ज्यापासून होतात त्या शिंगाच्या चकत्यांवरही. माझ्या चकत्यांच्या नऊ पेट्या नाक्यावर अडकल्यात. एकोणीस तारखेला त्यांचा लिलाव होईल. चकत्या नाहीत तर कारखाना बंद. कारखाना म्हणजे दोन खोल्या, तीन यंत्रं आणि अकरा बायका. त्यातल्या सहाजणी तर माझ्या आधीपासून तिथे भोकं पाडताहेत.

तू राष्ट्रप्रमुखांच्या विधी शाखेत बसतोस म्हणून विचारते. बटणांवर जकात लावायचा अधिकार त्यांना दिला कोणी? पॉलिशवाल्या बाई म्हणतात, मोठ्या माणसांना तो असतोच. मी म्हटलं, दादाला विचारल्याशिवाय मी मानणार नाही.

तब्येतीला जप आणि आमची आठवण ठेव.
तुझी,
ठमी


७ जुलै
चि. ठमीस,
अ. उ. आ.

तुझा प्रश्न कायद्याचा आहे म्हणून उत्तर देतो. जकात ठरवणं आणि व्यापाराचे करार करणं हे प्रतिनिधीसभेचं काम. साहेबांना तो अधिकार फक्त आणीबाणीत मिळतो. गेल्या महिन्यात संचलनात सलामी घेताना त्यांच्या कोटाचं बटण उडून बँडवाल्याच्या तुतारीत पडलं. तुतारी बंद पडली आणि बटण परदेशी निघालं. त्याच दुपारी बटणांची आणीबाणी जाहीर झाली.

शेजारी देशाचं शिष्टमंडळ वाटाघाटींना आलं आहे. आमच्या लोकांनी त्यांचं अधिकारपत्र मागितलं, त्यांनी आमचं. आधी दाखवायचं कोणी, यावर सतरा दिवस दोन्ही बाजू समोरासमोर बसून आहेत. चहा आधी कोणी उचलायचा हेही ठरलेलं नाही, त्यामुळे तो रोज तसाच परत जातो.

माझं काम एवढंच, की रोज सकाळी दहाच्या आत नोंदवहीत 'आणीबाणी चालू आहे' असं लिहायचं. कायद्याने ते नेमलेल्या कारकुनानेच, स्वतःच्या अक्षरात लिहावं लागतं. एक दिवस खाडा झाला तर आणीबाणी संपली, जकातही गेली. नवी लावायची तर सभेची मंजुरी हवी. पण खाडा होणार कसा? सव्वीस वर्षांच्या नोकरीत मी एकही केलेला नाही. साहेब दुपारी सगळ्या कागदांवर एकदम सह्या करतात. वाचत नाहीत, वाचलं तर अधिकार आहे का असा प्रश्न पडतो, असं ते म्हणाले.

पेट्यांचं वाईट वाटतं. माया कमी करू नकोस.
दादा


११ जुलै
ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र सगळ्या बायकांना वाचून दाखवलं. पॉलिशवाल्या बाईंनी फक्त तुतारीचं काय झालं एवढंच विचारलं.

मला मात्र आपला जिना आठवला. आई बाजारात जाताना सांगायची, मी येईपर्यंत घर दादाच्या ताब्यात. ती गेली की तू जिन्यावर बसून जकात घ्यायचास, दोन बिस्किटांतलं एक. वर तिच्या सामानाच्या यादीत आधीच हळूच चार जिन्नस वाढवायचास, म्हणजे तिला उशीर होऊन तुझं राज्य लांबायचं. तुला साहेबांनी उगाच नेमलेलं नाही.

अठरा तारखेला कारखान्याला कुलूप लावते. मला तुझी शिफारस नको, वशिला नको. फक्त कुलूप लावताना तू शेजारी उभा राहा. मला ते एकटीने जमणार नाही, दादा.

येशील असं गृहीत धरून अंथरूण काढून ठेवते.
तुझी,
ठमी


१५ जुलै
चि. ठमीस,
अ. उ. आ.

सतरा आणि अठरा अशी दोन दिवसांची रजा टाकली. कारण लिहिलं, बहिणीकडे घरगुती काम. अर्ज सह्यांच्या ढिगात ठेवला होता, आज मंजूर होऊन आला. त्या दोन दिवसांत नोंदवही कोण लिहिणार, असं मला कोणी विचारलं नाही. मीही आपणहून सांगितलं नाही.

कुलूप विकत घेऊ नकोस. बाकी भेटीत.
दादा


२० जुलै
चि. ठमीस,
अ. उ. आ.

सुखरूप पोचलो. पेट्या सुटल्यावर तू नाक्यावरच्या माणसाला तीनदा विचारलंस, आणीबाणी खरंच गेली का म्हणून, आणि मग तिथेच एका पेटीवर बसून रडलीस. तुझं ते कुलपाचं वाक्य मी ऑफिसात चार वेळा वाचलं होतं, एवढं आता सांगतो.

इथे धमाल उडाली होती. आपल्या बाजूचा अधिकार गेला हे कळताच शेजाऱ्यांनी कबूल केलं, की तो त्यांच्याकडेही कधीच नव्हता. सगळे मोकळे झाले आणि पहिल्यांदा चहा प्यायले. अजून गप्पाच मारताहेत.

साहेबांनी मला बोलावलं. आणीबाणी संपवायचा अधिकार तुम्हाला दिला कोणी, असं विचारलं. मी रजेचा अर्ज पुढे केला. ते बराच वेळ स्वतःची सही बघत राहिले. मग रजा आणखी किती शिल्लक आहे, असं हळू आवाजात विचारलं. मी म्हटलं, दोनशे अडतीस दिवस. ते खाली बसले.

थोड्या वेळाने त्यांचं लक्ष माझ्या कोटावर गेलं. निघताना तू लावून दिलेलं बटण त्यांनी निरखून पाहिलं. त्यांच्या कोटावरची जागा अजून रिकामीच आहे. तसलं एक मिळेल का, असं त्यांनी विचारलं आहे.

मिळेल म्हणालो. पण ते आणायला मला पुन्हा रजा लागेल, हेही सांगून ठेवलं. अंथरूण आवरू नकोस.
तुझा,
दादा